सिंगापूरची क्रूझ, पाच माणसं आणि रोख किती न्यायची

धरमपेठेतल्या एका ताईंनी विचारलं आहे. त्या, त्यांचे यजमान, नववीतली मुलगी आणि सासू-सासरे असे पाच जण डिसेंबरअखेर नागपूरहून निघणार आहेत. सिंगापूरला दोन रात्री हॉटेलात, मग चार रात्री क्रूझवर, वाटेत मलेशियातलं पिनांग आणि थायलंडमधलं फुकेट. टूरवाले सांगतात, सगळं पॅकेजमध्ये आहे, रोख काही लागत नाही. दीर सांगतात, परक्या मुलखात पैसा हाताशी हवा, तीन हजार डॉलर तरी रोख घेऊन जा. ऐकायचं कोणाचं?

ताई, दोघांचंही पूर्ण ऐकू नका. मी बारा वर्षं सीताबर्डीवर परकीय चलनाच्या काउंटरवर बसलो आणि त्यानंतरची अकरा वर्षं विदर्भातली कुटुंबं घेऊन क्रूझवर जातो आहे. तुमच्या या सहलीला माझा आकडा असा: ३०० अमेरिकन डॉलर आणि ७०० सिंगापूर डॉलर रोख. भाव रोज हलतो, पण हिशेबापुरता अमेरिकन डॉलर ९० रुपये आणि सिंगापूर डॉलर ७० रुपये धरा. म्हणजे साधारण ७६ हजार रुपये झाले. सोबत दोन क्रेडिट कार्डं, वेगवेगळ्या बँकांची, एक तुमच्या पर्समध्ये आणि एक यजमानांच्या खिशात. हा आकडा कुठून आला ते सविस्तर सांगतो, कारण तुमची माणसं किंवा बंदरं बदलली की आकडाही बदलेल.

आधी जहाजाचं समजून घ्या. जहाजावर चढताना प्रत्येकाला एक कार्ड मिळतं. तीच तुमच्या खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पाकीट. थंड पेय घेतलं, फोटो विकत घेतला, दुकानातून पर्स घेतली, सगळं त्या कार्डावर लिहिलं जातं आणि शेवटच्या दिवशी एकत्र बिल येतं. दुकानात किंवा बारमध्ये नोट पुढे केली तर घेत नाहीत. कॅसिनो तेवढा वेगळा, पण तिथं जायचं असेल तर ते पैसे घरूनच वेगळे मोजून न्या आणि ते गेले असंच समजा. थोडक्यात, जहाजावरच्या चार दिवसांसाठी रोख जवळजवळ लागतच नाही. इथपर्यंत टूरवाल्यांचं बरोबर आहे.

पण 'सगळं पॅकेजमध्ये आहे' हे वाक्य मी फार जपून ऐकतो. पॅकेजमध्ये खोली, मुख्य जेवणघर, बुफे, साधं पाणी, बुफेतला चहा-कॉफी आणि कार्यक्रम असतात. कोल्ड्रिंक, ताजा रस, मशीनची कॉफी, वायफाय, फोटो, स्पा आणि काही खास रेस्टॉरंटं यांचे पैसे वेगळे. आणि सगळ्यात मोठी रक्कम असते ग्रॅच्युइटीची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेचा आकार. ती माणशी, दर रात्री, आपोआप बिलात चढते. कंपनीनुसार फरक पडतो, पण साध्या खोलीला माणशी १८ अमेरिकन डॉलरच्या आसपास धरून चाला. पाच माणसं, चार रात्री, म्हणजे ३६० डॉलर, ३२ हजारांवर रुपये. तुमच्या मुलीचीही लागते. टूरवाल्यांना सरळ विचारा, 'ग्रॅच्युइटी आमच्या पैशात भरलेली आहे का? असेल तर लेखी द्या.' चांगला टूरवाला लगेच देतो. भरलेली नसेल तर ते ३६० डॉलर क्रेडिट कार्डावर जाऊ द्या, त्यासाठी रोख वाढवू नका.

तेवढं भरल्यावरही खोली आवरणाऱ्या मुलाच्या हातात शेवटच्या दिवशी दहा-वीस डॉलर ठेवावेसे वाटतात आणि ठेवावेतच. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास असेल, तर रोज जास्तीची उशी आणून देणारा, सकाळी त्यांना लिफ्टपर्यंत सोडणारा तोच असतो. या मुलांत इंडोनेशिया-फिलिपिन्सचे बरेच, पण गोव्याचे आणि आपल्या कोकणातलेही भेटतात. मराठी ऐकलं की चेहरा उजळतो त्यांचा. आमच्या ग्रुपमधल्या बायका सीलबंद संत्रा बर्फीचा डबा नेतात आणि त्यावर नोटेचं पाकीट ठेवून देतात. यासाठी एक, पाच आणि दहा डॉलरच्या नोटा हव्यात. शंभराची नोट कामाची नाही.

आता सगळ्यात जास्त मनस्ताप ज्यानं होतो ते सांगतो. जहाजाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. फॉरेक्स कार्डही, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, शक्यतो नको. जहाज अंदाजानं ठरावीक रक्कम कार्डावर अडकवून ठेवतं. खर्च वाढला की आणखी अडकवतं. शेवटी बिल कापलं जातं, पण अडकवलेली रक्कम मोकळी व्हायला बँकेकडे दिवस लागतात. क्रेडिट कार्डावर हे जाणवत नाही, तिथं फक्त मर्यादा तेवढी कमी दिसते. डेबिट कार्डावर मात्र खात्यातले खरे पैसे अडकतात.

माझ्या ग्रुपमध्ये रामदासपेठेतले एक निवृत्त काका होते. त्यांनी पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड जोडलं. त्यांचं बिल झालं शंभर डॉलरच्या आत, पण रोज वेगळी रक्कम अडकत गेली. उतरल्यावर सिंगापूरच्या एटीएमवर गेले तर पैसे निघेनात. 'भाऊ, माझेच पैसे मले भेटून नाही राहिले,' असं म्हणताना त्यांचा आवाज कापत होता. पैसे सगळे परत आले, पण बारा दिवसांनी. तोवर त्यांनी आणि काकूंनी परतीच्या प्रवासात कोणाकडे न मागता कसंबसं भागवलं. मला ते नागपुरात आल्यावर कळलं, आणि ते मी आधी सांगायला हवं होतं. तेव्हापासून निघण्यापूर्वीच्या बैठकीत मी पहिलं वाक्य हेच बोलतो.

क्रेडिट कार्ड नसेल तर जहाजाच्या स्वागतकक्षात रोख अनामत ठेवता येते. ती संपेपर्यंत तुमचं कार्ड चालतं, संपली की बंद, उरली तर शेवटी परत मिळते. तुमच्याकडे कार्ड आहे, त्यामुळे हा मार्ग तुम्हाला नको. पण कोणी आई-वडिलांनाच एकटं पाठवत असेल, तर हा चांगला उपाय आहे आणि अशा वेळी दोघांमागे २५० ते ३०० डॉलर रोख जास्त द्यावेत. जहाजाचं चलन कोणतं तेही आधी विचारून घ्या. सिंगापूरहून सुटणाऱ्या काही जहाजांवर अमेरिकन डॉलरमध्ये बिल होतं, काहींवर सिंगापूर डॉलरमध्ये.

म्हणून रोखीचा हिशेब मी दिवसांवर करत नाही. पाय जमिनीला किती ठिकाणी लागणार, ते मोजतो. तुमचे तीन ठिकाणी लागणार आहेत: सिंगापूर, पिनांग, फुकेट. प्रत्येक ठिकाणचं चलन वेगळं (सिंगापूरचा डॉलर, मलेशियाचा रिंगिट, थायलंडचा बाथ) आणि रोखीची गरजही वेगळी.

सिंगापूरमध्ये कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. तरी पाच माणसांना ३५० सिंगापूर डॉलर रोख लागतात, असा माझा अनुभव आहे. कारण तुम्ही जेवायला जाल ते लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरसारख्या ठिकाणी. तिथल्या अनेक गाळ्यांवर रोख घेतात किंवा तिथल्याच बँकांचा क्यूआर. आपलं परदेशी कार्ड तिथं पुढे करून उपयोग नसतो. मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, पण परदेशी कार्डाला दिवसाला ६० सेंट जास्त पडतात आणि एका कार्डावर एकच माणूस जातो. तुम्ही पाच, कार्डं दोन. उरलेल्या तिघांसाठी मेट्रोची कार्डं काढून त्यात रोख भरावी लागते. बागा, झू, केबल कार यांची तिकिटं कार्डानं घ्या किंवा पॅकेजमधूनच.

पिनांगला जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि जॉर्ज टाउन तिथून चालत गाठता येतं. २००८ मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. जुन्या गल्ल्या, तिथली लिटल इंडिया, क्वीन स्ट्रीटवरचं मरिअम्मनचं देऊळ, सगळं जवळजवळ आहे. सासू-सासऱ्यांना चालवत नसेल तर गावात फिरणारी कॅट नावाची मोफत बस आहे. केळीच्या पानावरचं जेवण, शहाळं, देवळातली दक्षिणा, एखादी सायकलरिक्षा. पाच जणांना २५० रिंगिट पुरतात. वर टेकडीवर किंवा केक लोक सीच्या मोठ्या बौद्ध मंदिराला जायचं असेल तर शंभर रिंगिट जास्त ठेवा.

फुकेटला थोडं थांबतो, कारण आपली माणसं सगळ्यात जास्त तिथं फसतात. मोठं जहाज बहुधा पाटोंगच्या खाडीत नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी तुम्हाला किनाऱ्यावर सोडतात. उतरताच समोर टुकटुकवाले आणि व्हॅनवाले. मीटर नाही, भाव तोंडी, पैसे रोख आणि बाथमध्येच. माझ्या पहिल्याच ग्रुपमध्ये इतवारीतलं एक सहा माणसांचं कुटुंब होतं. व्यापारी माणसं, पैशाला कमी नव्हती. खिशात दोन हजारांवर डॉलर, पण सगळ्या शंभराच्या नोटा. व्हॅनवाल्यानं डॉलर घेतला नाही. किनाऱ्यावरच्या चलनवाल्यानं एका नोटेवर शाईचा शिक्का आहे म्हणून ती परत केली, दुसरीला घडीची खोल रेघ आहे म्हणून भाव कमी सांगितला. तिसरी घेतली, पण रांगेत पाऊण तास गेला. जहाजाची शेवटची बोट साडेतीनला होती. त्यांचं फुकेट बघणं म्हणजे तो किनारा आणि ती रांग एवढंच झालं. एवढे पैसे जवळ असून त्यांच्या आजीला शहाळं घ्यायलाही मला माझ्या खिशातून बाथ काढून द्यावे लागले.

म्हणून फुकेटचे ६,००० बाथ तुमच्या हातात सिंगापूर सोडण्याआधीच असले पाहिजेत. दिवसभराची व्हॅन ठरवली तर त्यातले निम्मे तिलाच जातील. उरलेल्यात जेवण, शहाळी, मुलीची एखादी खरेदी, समुद्रकिनाऱ्यावरच्या स्वच्छतागृहाची नाणी. व्हॅन ठरवताना भाव, ठिकाणं आणि परतीची वेळ तिन्ही कागदावर लिहून घ्या आणि पैसे परत आल्यावरच द्या. तिथल्या एटीएमवर विसंबू नका. परदेशी कार्डाला दर वेळी २२० बाथच्या आसपास आकार लागतो, वर आपल्या बँकेचा वेगळा.

आता बेरीज. सिंगापूरसाठी ३५० डॉलर. २५० रिंगिटला साधारण ८० सिंगापूर डॉलर, ६,००० बाथला साधारण २४०. एकूण ६७०, वर थोडे धरून ७००. शिवाय ३०० अमेरिकन डॉलर. ते बक्षिशीसाठी आणि अडीअडचणीसाठी. कोणी आजारी पडलं, जहाजाच्या दवाखान्याबाहेर औषध घ्यावं लागलं, कार्ड हरवलं, तर दोन दिवस निभावतील एवढे. फुकेट-पिनांगऐवजी फक्त मलेशियाचं बंदर असतं तर मी ७०० चे ५०० केले असते. युरोपातली सात रात्रींची क्रूझ असती तर रोज एक नवं बंदर, पण चलन एकच, म्हणून पाच जणांना ५०० युरो पुरले असते. दुबईहून सुटणाऱ्या क्रूझलाही रोख कमीच लागते.

रिंगिट आणि बाथ नागपुरात घेऊ नका. इथल्या काउंटरवर ते नेहमी शिल्लक नसतात, मुंबईहून मागवावे लागतात आणि खरेदी-विक्रीच्या भावातलं अंतर डॉलरपेक्षा बरंच मोठं असतं. सिंगापूरमध्ये हीच दोन चलनं रोजची आहेत, त्यामुळे भाव चांगला मिळतो. मुस्तफा सेंटरच्या आसपास चलनवाल्यांची रांगच आहे. तिथं रुपयाच्या नोटाही घेतात. भारतातून बाहेर जाताना माणशी २५ हजारांपर्यंत रुपये नेता येतात, तेव्हा परतीच्या टॅक्सीपुरते सात-आठ हजार बरोबर असू द्या. वेळ पडली तर तेही कामी येतील. विमानतळावरच्या काउंटरवर, आपल्याकडचा असो की तिकडचा, मोठी रक्कम बदलू नका.

नागपुरात अमेरिकन आणि सिंगापूर डॉलर घेताना भाव विचारू नका, रक्कम विचारा. 'मला ३०० आणि ७०० हातात पडायला एकूण रुपये किती द्यायचे?' असं तीन ठिकाणी फोन करून विचारा. कोणी भाव कमी सांगून सेवा आकार लावतो, कोणी भावातच घेतो. एकूण रक्कम विचारली की लपवायला जागा उरत नाही. जीएसटी सगळ्यांनाच लागतो, पण तो अख्ख्या रकमेवर नसतो. एक लाख रुपयांच्या चलनावर तो १८० रुपये होतो आणि लहान व्यवहारात कमीत कमी ४५ रुपये. याहून खूप जास्त जीएसटी दिसला तर बिल दाखवून विचारा.

पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसाची प्रत लागेल. ५० हजार रुपयांपासून पुढची रक्कम रोख रुपयात घेतली जात नाही. तुमची ७६ हजार आहे, म्हणजे खात्यातून द्यावी लागेल. ती दोघांच्या पासपोर्टवर निम्मी-निम्मी घेतली तर दोघांकडे स्वतःच्या नावाचं बिल राहतं. नाताळाच्या आठवड्यात काउंटरवर सुट्या नोटा संपलेल्या असतात, म्हणून आठ-दहा दिवस आधी जा. ओळखीतून, बिलाशिवाय, 'भाव चांगला देतो' म्हणणाऱ्याकडून एक डॉलरही घेऊ नका. नोट खोटी निघाली तर तुमच्या हातात काहीच पुरावा नसतो आणि व्यवहारही बेकायदा. दिरांच्या तीन हजारांबद्दल सांगायचं तर एका माणसाला एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच्या नोटा नेण्याची मुभा आहे, हे खरं. ती मर्यादा आहे. तेवढी रक्कम खोलीच्या तिजोरीत ठेवून माणूस चार दिवस तिजोरीचाच विचार करतो, हे मी पाहिलं आहे.

नोटा घेताना तिथंच मोजा आणि उलटून बघा. फाटकी, शिक्का मारलेली, पेनानं आकडा लिहिलेली नोट परत द्या. आपल्याकडे गड्डीवर आकडा लिहायची सवय आहे, तिकडे त्यानं नोट नाकारली जाते. शंभराची डॉलर नोट घ्यावीच लागली तर निळी पट्टी असलेली, २०१३ पासूनची घ्या. ३०० डॉलरचं मी असं मागेन: वीसच्या आठ, दहाच्या आठ, पाचच्या आठ आणि एकेकाच्या वीस. काउंटरवरचा मुलगा कुरकुर करेल, पण हट्ट सोडू नका.

कार्डांची तयारीही याच आठवड्यात. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू असतात. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमधून स्वतः चालू करावा लागतो. नागपुरात बसून दोन मिनिटांचं काम आहे, जहाजाच्या रांगेत ओटीपीची वाट बघत ते होत नाही. बहुतेक कार्डांना परदेशी व्यवहारावर दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, ते गृहीत धरा. दुकानातलं मशीन 'रुपयात की स्थानिक चलनात' असं विचारतं, तेव्हा नेहमी स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले की भाव तो दुकानदाराच्या बाजूचा लागतो आणि तो महाग असतो. आणि जहाज बंदर सोडताच सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर. समुद्रात फोन जहाजाचं नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल घरी आल्यावर कळतं. यूपीआय तर भर समुद्रात विसराच.

जाता जाता, मुंबईहून निघणाऱ्या क्रूझबद्दलही बरेच जण विचारतात. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची असं जातं. तिथं बिल रुपयात. दुरांतोनं सीएसएमटीला उतरलात की जहाजाचा धक्का, बॅलार्ड पिअर, टॅक्सीनं अगदी जवळ. दोन माणसांना पाच-सहा हजार रोख पुष्कळ झाले. फक्त ग्रॅच्युइटीचा प्रश्न तिथंही विचारा.

आता तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. हे पैसे कोणाच्या हातात असणार?

आपल्या घरांत बहुतेक वेळा सगळी रक्कम मुलाच्या कमरेच्या पट्ट्यात असते. आई-वडिलांनी आयुष्यभर घर चालवलेलं असतं, आणि क्रूझवर आईला दोन डॉलरचं शहाळं प्यायचं असेल तरी मुलाकडे बघावं लागतं. मग ती म्हणते, 'मला तहान नाही.' मी हे इतक्या वेळा ऐकलं आहे की आता तहान नाही म्हटलं की मला कारण कळतं. एका आजींना पिनांगच्या देवळात दक्षिणा टाकायची होती. मुलगा पुढे फोटो काढत होता. त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि निघाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, 'रिकाम्या हातानं आले हो देवापुढून.' त्या दिवसानंतर मी प्रत्येक ग्रुपमध्ये सांगतो: ज्येष्ठांचं पाकीट वेगळं आणि त्याचा हिशेब कोणी विचारायचा नाही.

तुमच्या सासूबाईंना आणि सासऱ्यांना प्रत्येकी ४० सिंगापूर डॉलर, ३० रिंगिट आणि ५०० बाथ द्या. वरच्या बेरजेतूनच, वेगळे नकोत. मुलीलाही तिच्या वाट्याचे थोडे द्या. नववीतली मुलगी आहे, चार दिवसांत तीन देशांचा भाव काढायला शिकेल.

यात एक अडचण आहे, ती आधीच सांगून ठेवतो. सिंगापूरची दहा डॉलरची नोट लाल. मलेशियाची दहा रिंगिटची नोटही लाल. थायलंडची शंभर बाथची तीही लाल. पहिली सातशे रुपयांची, दुसरी सव्वादोनशेच्या आतली, तिसरी पावणेतीनशे-तीनशेच्या मधली. म्हाताऱ्या डोळ्यांना, संध्याकाळच्या उजेडात, तिन्ही सारख्या. एका काकांनी फुकेटमध्ये शंभर बाथ समजून दहा सिंगापूर डॉलर दिले, फळवालीनं मुकाट्यानं ठेवून घेतले. म्हणून एकाच पाकिटात तिन्ही चलनं कधीच ठेवू नका. लग्नात आहेराला वापरतो तसली तीन कागदी पाकिटं घ्या, त्यावर ठळक मराठीत 'सिंगापूर', 'पिनांग', 'फुकेट' लिहा आणि प्रत्येकावर 'एक नोट म्हणजे किती रुपये' तेही लिहून ठेवा. त्या दिवशीचं पाकीट पर्समध्ये, बाकीची खोलीच्या तिजोरीत. परत जहाजावर आलात की पाकीट बदला.

शेवटच्या रात्रीचं एक काम विसरू नका. जेवण झालं की खोलीतल्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या अॅपवर बिल उघडून ओळ न् ओळ वाचा. आपण न घेतलेली पेयं, शेजारच्या खोलीचा फोटो, मुलीनं नकळत चालू केलेलं वायफाय, असं काही ना काही सापडतं. चूक दिसली तर त्याच रात्री स्वागतकक्षात जा. कर्मचारी शांतपणे बघून काढून टाकतात. सकाळी तिथं शंभर माणसांची रांग असते आणि तुमचं सामान आधीच खाली गेलेलं असतं.

उरलेली नाणी सिंगापूरमध्येच खर्च करा, नागपुरात ती कोणी बदलून देत नाही. नोटा उरल्या तर २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात, त्यापेक्षा जास्त असतील तर परतल्यापासून १८० दिवसांत बँकेला किंवा अधिकृत चलनवाल्याला परत द्यायच्या. तुमच्याकडे उरतील चाळीस-पन्नास. सासूबाईंच्या पाकिटात उरलेले मात्र परत मागू नका. ग्रॅच्युइटीचं लेखी उत्तर आलं आणि जहाजाचं नाव कळलं की इथंच कळवा, बिल कोणत्या चलनात होईल ते बघून मी आकडा पुन्हा मांडून देतो.